सुरक्षित वेगाची सहा उपकलमे

नौकेवर रडारचा अँटेना बसवणाऱ्याने हातात पाना घेण्याआधी वाचावा असा एक मजकूर आहे. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी सहावा नियम, आणि त्याचा दुसरा भाग. परीक्षेपुरती पाठ केली जाणारी त्या भागातली सहा उपकलमे रचनेच्या दृष्टीने फार सुंदर आहेत.

नियमाचा विषय आहे सुरक्षित वेग. पहिला भाग सर्व नौकांसाठी. दृश्यमानता, रहदारी, वळण्या-थांबण्याची क्षमता, रात्रीचे उजेड, वारा-लाटा-प्रवाह आणि पाण्याची खोली अशा सहा गोष्टींचा विचार तो करायला लावतो. दुसरा भाग रडार असलेल्यांसाठी आणखी सहा गोष्टी सांगतो. म्हणजे ज्याच्याकडे यंत्र आहे, त्याने बारा गोष्टी ध्यानात धरायच्या. रडारमुळे वेग वाढवण्याची मुभा मिळत नाही, जबाबदारी वाढते. यामागे अनुभव आहे. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही जहाजे एकमेकांवर आदळली, तेव्हा दोन्हींवर रडार होते आणि दोन्ही रडारांवर समोरचे जहाज दिसत होते. १९६० च्या नियमांत रडारविषयीच्या सूचना पुरवणीत होत्या. १९७२ मध्ये त्यांना मुख्य नियमांत जागा मिळाली.

पहिले उपकलम यंत्राचे गुणधर्म, कार्यक्षमता आणि मर्यादा ओळखायला सांगते. यातल्या कितीतरी मर्यादा अँटेना बसवतानाच ठरतात. तो पाण्यापासून ४ मीटरवर असेल तर त्याचे क्षितिज सुमारे साडेचार सागरी मैलांवर असते. १६ मीटरवर नेला तर सुमारे नऊ मैलांवर. उंची चौपट, लाभ दुप्पट. शिवाय उंची वाढली की नौकेलगतचा न दिसणारा पट्टा रुंदावतो. शिडाच्या नौकेवर डोलकाठीच्या पुढच्या अंगाला अँटेनाचा घुमट लावला, तर मागची एक पट्टी डोलकाठीच्या आड जाते. मागच्या खांबावर लावला, तर डोलकाठी समोरच आडवी येते. घुमटाची शून्य रेषा नाळेच्या दिशेशी एका अंशाने जरी चुकली, तरी ६ मैलांवरची नौका सुमारे १९० मीटर बाजूला दिसते. हातभर रुंदीच्या लहान घुमटाचा झोत जवळपास ५ अंश पसरलेला असतो, म्हणून त्याच अंतरावर एकमेकींपासून अर्ध्या मैलाच्या आत असलेल्या दोन नौका पडद्यावर एकच ठिपका होतात. हे सगळे नियमाने एका ओळीत बसवले आहे.

दुसरे उपकलम निवडलेल्या पल्ल्याच्या मर्यादा सांगते, तिसरे लाटा, हवामान आणि इतर अडथळ्यांचा परिणाम. मग येते चौथे, आणि माझ्या मते हा या मजकुराचा गाभा. लहान नौका, बर्फ किंवा तरंगत्या वस्तू पुरेशा अंतरावरून रडारला दिसणार नाहीत, ही शक्यता धरून चाला, असे ते सांगते. त्याची जागाही अचूक आहे. लाटांचा गोंगाट पुसण्यासाठी पडद्यावरचे बटण फिरवले की त्याबरोबर लहान नौकेचा क्षीण प्रतिध्वनीही पुसला जाऊ शकतो. तिसरे उपकलम गोंगाटाचे, चौथे त्यात हरवणाऱ्याचे. कोकण किनाऱ्यावरची लाकडी किंवा फायबरची मासेमारी होडी पाण्यालगत असते आणि लहरींना फारसा प्रतिसाद देत नाही. तिच्यावरच्या तांडेलाने हा नियम वाचलेला असो वा नसो, मोठ्या जहाजाच्या कर्तव्यात त्याची नोंद झालेली आहे. कायद्याच्या भाषेत इतकी माणुसकी मावते, याचे मला मोठे अप्रूप आहे.

न दिसणाऱ्यांची ही दखल घेऊन झाल्यावरच पाचवे उपकलम दिसणाऱ्या नौकांची संख्या, जागा आणि हालचाल यांकडे वळते. ज्यासाठी आपण रडार विकत घेतो, ते इथे पाचव्या क्रमांकावर येते. आणि सहावे तर यंत्राला डोळ्यांच्या सेवेला लावते. धुक्यातून एखादी नौका नजरेस पडली की त्या क्षणी तिचे अंतर पडद्यावर वाचायचे. दृश्यमानता नेमकी किती, ते कळते. आधीच्या पाचव्या नियमात डोळ्यांनी आणि कानांनी सतत पाळत ठेवण्याची आज्ञा आहेच. रडारने ती रद्द झालेली नाही, तिला मोजमाप मिळाले आहे.

मर्यादांपासून सुरू होऊन नजरेपर्यंत पोहोचणारा हा क्रम वाचकाला न सांगता नम्र करतो, आणि नम्रता शिकवताना कुठेही उपदेश करत नाही. मोठ्या जहाजांवर रडारजवळ एक आकृती लावलेली असते: आपल्या जहाजाच्या कोणत्या भागाच्या आड किती अंश झाकले जातात, याची. लहान नौकेवर अँटेना बसवणाऱ्यानेही शांत पाण्यात संथपणे गोल फिरून असा कागद तयार करावा. पहिल्या उपकलमातला 'मर्यादा' हा विषय त्या कागदावर त्याच्या स्वतःच्या नौकेपुरता पूर्ण लिहिला जाईल.