छोटे पुस्तक, मोठा दरारा

इंग्रजीत निबंध किंवा प्रयोगाचा अहवाल लिहिणाऱ्यांना हमखास सुचवले जाणारे एक छोटे पुस्तक म्हणजे 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल'. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी ते १९१८च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिले. पुढे त्यांचेच विद्यार्थी, लेखक ई. बी. व्हाइट यांनी १९५९ साली त्यात भर घालून नवी आवृत्ती काढली.

अनावश्यक शब्द गाळा, नेमके लिहा, हा त्यातला उपदेश आम्हाला मनापासून पटतो. विज्ञानाच्या लेखनाला तर तो हवाच. अडचण येते ती हे पुस्तक व्याकरणाचा आधार म्हणून वापरताना.

पॅसिव्ह व्हॉइसचेच उदाहरण घ्या. पॅसिव्ह कधी कधी आवश्यक असतो, हे पुस्तकालाही मान्य आहे. पण अ‍ॅक्टिव्हचा आग्रह धरताना त्याने सुधारून दाखवलेल्या चार वाक्यांपैकी तीन मुळात पॅसिव्ह नाहीतच! भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ साली हे दाखवून दिले. 'वॉज' किंवा 'वर' दिसले की पॅसिव्ह, असा गैरसमज अशा उदाहरणांनी पक्का होतो. 'देअर वर ट्वेंटी स्टुडंट्स इन द लॅब' या वाक्यात 'वर' आहे, पण पॅसिव्ह कुठे आहे?

मराठी माध्यमात आणखी एक गुंता होतो. 'मुलाने काच फोडली' हा आपला कर्मणी प्रयोग. त्याचे इंग्रजी मात्र 'द बॉय ब्रोक द ग्लास', म्हणजे सरळ अ‍ॅक्टिव्ह. पॅसिव्हशी जुळते ते 'काच फोडली गेली'. कर्मणी म्हणजे पॅसिव्ह, असे समीकरण शिकवून चालणार नाही.

मग अहवालात काय लिहावे? 'द सोल्यूशन वॉज हीटेड' हे योग्यच आहे. द्रावण कोणी तापवले याला तिथे महत्त्व नाही. निष्कर्ष मात्र कोणी काढला हे कळायला हवे. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३चा प्रसिद्ध लेख 'आम्ही' या शब्दानेच सुरू होतो.

पुस्तक जरूर वाचावे. पण त्यातला नियम वापरून विद्यार्थ्याचे गुण कापण्यापूर्वी दहा वाक्यांवर तो तपासून पाहावा. प्रयोगशाळेत आपण हेच तर शिकवतो.