पुस्तकातला काळा चौकोन

समीक्षकाने पुस्तकातल्या मजकुराविषयी लिहावे, समासातल्या खुणांविषयी नव्हे, असा संकेत आहे. यंदा तो मोडण्याची मुभा मी वाचकांकडे मागतो. कारण नातीचे पाठ्यपुस्तक उघडले, तेव्हा माझी नजर खिळली ती कवितेशेजारच्या एका काळ्यापांढऱ्या चौकोनावर. क्यूआर कोड म्हणतात तो हाच. १९९४ साली जपानात तो जन्मला, मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. कारखान्यातली ही खूण कवितेच्या शेजारी येऊन बसली कशी?

याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत सापडते. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडले आणि मुलांना त्यांतून कविता ऐकता आल्या, चित्रफिती पाहता आल्या. पुढे ही कल्पना राज्याच्या पुस्तकांत शिरली. २०२० साली डिसले यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. कल्पनेइतकीच ही वृत्तीही मला मोलाची वाटते.

तरीही माझ्या मनात एक शंका होतीच. परवा नातीने चौकोनावर फोन धरला. गोड आवाजात कविता वाजली. "आजोबा, झाली कविता!" म्हणत तिने पान उलटले.

"झाली, की नुसती वाजली?" मी विचारले. ती गोंधळली.

दोष तिचा नव्हता. आवाजही निर्दोष होता. पण तो कोणासाठी थांबत नव्हता. चांगला शिक्षक एखाद्या शब्दावर रेंगाळतो, मागच्या बाकावरचा चेहरा कोरा दिसला तर तीच ओळ पुन्हा म्हणतो. ध्वनिमुद्रणाला समोरचा चेहरा दिसत नाही. शिवाय २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्या घरातला एकुलता एक फोन वडिलांबरोबर कामावर जाई, तेथे हा चौकोन मुकाच राहिला.

माझे मत असे जवळजवळ पक्के झाले होते. ते मोडले नातीच्या बाईंनी. त्यांनी वर्गात तीच कविता दोनदा ऐकवली, फोन बाजूला ठेवला आणि मुलांना विचारले, "तुम्ही ही कविता कशी म्हणाल?" नात घरी आली ती तावातावाने. "आजोबा, फोनमधल्या बाईंनी तिसरी ओळ फार घाईने म्हटली आहे!"

मी थक्क झालो. रसग्रहण म्हणतात ते याहून निराळे काय असते? आवाज तोच, चौकोनही तोच. मध्ये एक शिक्षिका उभी राहिली, एवढाच फरक. तेव्हा यंत्र चांगले की वाईट, हा वाद मी आता घालणार नाही. ते वाजून थांबल्यावर वर्गात काय घडते, एवढेच विचारीन.