धर्मगुरूंचे शील आणि कोठाराची किल्ली

धर्मगुरूचे शील ही त्याची खासगी बाब आहे काय? पुष्कळ भाविक या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. गुरूची परीक्षा आपण करू नये, त्याचा न्याय देव करील, असे म्हणण्यात त्यांना नम्रता वाटते. आमच्या मते ही नम्रता नसून जबाबदारीची टाळाटाळ आहे. आणि बिदर व कलबुर्गी या सीमेवरील जिल्ह्यांकडे पाहिले म्हणजे ती किती महाग पडू शकते हे ध्यानात येते.

धर्म आणि हिशेब यांचा संबंध या भूमीला नवा नाही. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वर हे बिज्जल राजाचे भांडारी होते. राजाचे द्रव्य त्यांनी शरणांवर उधळले असा बोभाटा झाला, तेव्हा खजिना मोजला गेला आणि तो पुरता भरला, असे परंपरा सांगते. दामाजीपंतांनी दुष्काळात मंगळवेढ्याचे कोठार भुकेल्यांना खुले केले, आणि त्याचे मोल पोहोचले ते बिदरच्याच दरबारी. या कथांतील चमत्कार बाजूस ठेवले, तरी लोकांनी त्या का जपल्या हे उघड आहे. ज्याच्या हाती किल्ली, त्याने हिशेब दिला पाहिजे. तो संत असला तरीही.

ख्रिस्ती मंडळींना आम्ही हेच माप लावू इच्छितो. या भागात मेथडिस्ट मिशनच्या शाळा व दवाखाने यांच्या आश्रयाने जे मंडळीत आले, त्यांपैकी बहुतेक दलित समाजातील. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची मान्यता प्रथम हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध तिच्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. अशा माणसाजवळ सामाईक म्हणावी अशी मालमत्ता म्हणजे चर्चची शाळा, वसतिगृह, दवाखाना आणि जमीन. तेथे अपहार झाला तर केवळ एका माणसाचे पाप वाढत नाही. एका मुलाची शाळेतली जागा जाते.

१९८१ साली मेथडिस्ट मंडळी स्वायत्त झाली आणि किल्ल्या येथल्याच माणसांच्या हाती आल्या. ही गोष्ट अभिमानाची खरीच. परंतु त्या पद्धतीत पाळकांच्या नेमणुका व बदल्या बिशपांच्या अधिकारात असतात. ज्याची बदली उद्या होऊ शकते, तो पाळक आज हिशेबाचा प्रश्न कोणत्या धैर्याने विचारील? कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी असे ठरविले आहे. नियम चांगला आहे. पण समितीचे काम सल्ला देण्याचे, आणि सल्ला मानायचा की नाही हे पुन्हा गुरूच्या शीलावरच येऊन ठेपते.

शीलाचा परिणाम समाजावर कसा होतो याची दोन उदाहरणे मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. पगाराच्या आश्रयाने धर्म सांगणारा हा माणूस नव्हे, हे लोकांना त्या त्यागावरून कळले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये बिदरच्या शेजारी उस्मानाबादेस मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी बसले, तेव्हा एका धर्मगुरूची निवड काहींना रुचली नव्हती. तरीही मराठी समाजाने त्यांना आपले मानले. ‘सुवार्ता’चे संपादन आणि हरित वसईच्या लढ्यात जमीन व पाणी यांसाठी घेतलेली भूमिका ही त्यांच्या शब्दामागची पुंजी होती. अशी पुंजी एक जमवितो आणि तिचा लाभ साऱ्या समाजाला होतो. तशीच एकाने ती गमावली की संशय मात्र निरपराध खेड्यातल्या पाळकाच्याही वाट्याला येतो.

दोष उघड केला तर परक्यांना निमित्त मिळेल, ही भीती अल्पसंख्य समाजात असते आणि ती निराधार नाही. पण लपविल्याने काय होते ते इंग्लंडमध्ये दिसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. कारण मुलांवरील अत्याचाराची वार्ता कळूनही तिचा पुरता पाठपुरावा झाला नव्हता. अत्याचारी दुसराच होता. परंतु मेंढपाळाने लांडगा पाहून गप्प बसणे हाही अपराधच, हे त्या समाजाने मानले.

आरोप म्हणजे निवाडा नव्हे, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच कुजबूज नको, वही हवी. रविवारच्या अर्पणाचा व मिळकतींचा हिशेब वर्षातून एकदा भर उपासनेत, गावाला कळेल अशा कानडीत वा मराठीत वाचून दाखवावा. जो गुरू निर्मळ आहे त्याला त्यात संरक्षणच मिळेल. आणि ज्याला ते वाचन जड वाटेल, त्याच्या हातून किल्ली काढून घेण्याचा अधिकार मंडळीचा आहे.