बरें झाल्यानंतरचें दुखणें

सुलेका जवाद या अमेरिकन लेखिकेचें ‘बिट्वीन टू किंग्डम्स’ हें आत्मकथन २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. आरोग्य आणि आजार हीं दोन राज्यें होत, ही सुझन सोंटाग यांची १९७८ सालची कल्पना. ग्रंथाचें नांव तेथून घेतलें आहे. बाईंना २०११ सालीं, ऐन बाविशींत, रक्ताचा कर्करोग जडला व पुढें धाकट्या भावाच्या अस्थिमज्जेचें रोपण होऊन त्या वांचल्या. ही हकीकत पूर्वार्धांत आहे. ती वाचनीय खरी. पण ग्रंथाचें मोल आम्हांस उत्तरार्धांत दिसतें.

या रोपणांत रोग्याची मज्जा प्रखर औषधांनीं निकामी करून दुसऱ्याच्या पेशी शरीरांत सोडतात. त्या परक्या पेशी कित्येकदां यजमानाच्याच कातडीवर, यकृतावर, आंतड्यांवर तुटून पडतात. थकवा वर्षानुवर्षें सरत नाहीं. अनेकांचें अपत्यसुख हिरावतें. कागदोपत्रीं मात्र रोगी बरा! बाईंचे उपचार संपले तों सहचर दुरावला होता, आणि सर्वांनीं अभिनंदन करावें अशा घटकेला, आतां जगावें कसें, हेंच त्यांना उमजेना. आजारांत दिवस काढण्याची रीत त्यांच्या अंगवळणीं पडली होती. निरोगीपणाची विसरली होती. हें त्यांनीं ज्या निर्भीडपणें सांगितलें आहे त्याला तोड नाहीं.

मग एक कुत्रा सोबत घेऊन त्या मोटारीनें शंभर दिवस, सुमारें पंधरा हजार मैल हिंडल्या. आजारपणांत त्या वृत्तपत्रांत सदर लिहीत. तें वाचून पत्रें धाडणाऱ्या अनोळखी माणसांना त्या भेटल्या. त्यांत टेक्ससच्या तुरुंगांतील देहान्ताची शिक्षा झालेला एक कैदीहि आहे. माणसें मात्र फार झालीं. कांहींची ओळख होते न होते तोंच निरोप येतो. त्यापेक्षां मज्जा देणाऱ्या भावाच्या मनाविषयीं आणखी वाचावयास मिळतें तर बरें होतें.

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयांत असें रोपण १९८३ सालीं झालें. तेव्हां असे वांचलेले लोक आपल्यांतहि आहेत. समाचाराला येणारा ‘आतां बरें आहे ना?’ म्हणतो आणि ‘हो’ हें उत्तर प्रश्नांतच घालून देतो. अशा घरीं हें पुस्तक रोग्यापेक्षां भोंवतालच्यांनीं आधीं वाचावें.

ग्रंथ निघाला त्याच वर्षाच्या अखेरीस बाईंचा रोग उलटला व २०२२ सालीं दुसरें रोपण करावें लागलें. हें ठाऊक असतां शेवटचीं प्रकरणें पुन्हां चाळलीं. त्यांतील सावध सूर प्रथम वाचतांना आम्हांस किंचित् अतिरेकी वाटला होता, तसा तो आतां वाटत नाहीं.