गॅमा-किरणांचा 'स्फोट' : एका परिभाषेची चिकित्सा

जून 1973 मध्ये 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल' ह्या नियतकालिकात रे क्लेबेसाडेल, इयन स्ट्राँग व रॉय ओल्सन ह्या तिघा संशोधकांचा एक त्रोटक लेख प्रसिद्ध झाला. 'वैश्विक उगमाच्या गॅमा-किरण बर्स्टांची निरीक्षणे' असे त्याचे शीर्षक मराठीत सांगता येईल. शीर्षकातील एक शब्द येथे मुद्दामच मूळ रूपात ठेवला आहे; कारण त्याचे मराठीकरण हाच ह्या चिकित्सेचा मुख्य विषय होय.

लेखाची भाषा आजही अनुकरणीय वाटावी इतकी संयत आहे. 1963 च्या अणुचाचणी-बंदी कराराचा भंग कोणी अवकाशात करीत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने 'वेला' नावाचे उपग्रह सोडले होते. त्यांवरील शोधकांत मधूनच गॅमा-किरणांची गणती एकाएकी वाढे आणि काही क्षणांत पूर्ववत् होई. अशी पहिली नोंद 2 जुलै 1967 ची आहे. एकच घटना निरनिराळ्या उपग्रहांवर किती काळाच्या फरकाने पोहोचली ह्यावरून तिच्या दिशेचा अंदाज बांधता आला, आणि पृथ्वी व सूर्य हे दोन्ही उगम बाद ठरले. जुलै 1969 ते जुलै 1972 ह्या काळातील 16 घटना, दशांश सेकंदाहून कमीपासून सुमारे 30 सेकंदांपर्यंत त्यांचा अवधी, एवढे सांगून लेखक थांबतात. त्यांचे 'वैश्विक' हे विशेषण दिसावयास विधायक असले तरी वस्तुतः निषेधक आहे : पृथ्वीवरचे नव्हे, सूर्यावरचे नव्हे, एवढाच त्याचा अर्थ. 'बर्स्ट' हे तर आकाशातील कोणत्याही वस्तूचे नाव नाहीच. आलेखावरील रेषेने घेतलेल्या उसळीचे ते नाव आहे.

मराठी वृत्तपत्रांनी व लोकप्रिय लेखनाने ह्यासाठी 'गॅमा-किरण स्फोट' हा शब्द स्वीकारला, आणि तेथे अर्थात नकळत भर पडली. स्फोट म्हटला की फुटणारी वस्तू आली, फुटण्याचे कारण आले, चोहोकडे उडणारे तुकडेही आले. 'वेला' उपग्रह सोडले होते ते स्फोट शोधण्यासाठीच; त्यांच्या अभ्यासकांनी परिश्रमपूर्वक दाखवून दिले ते हे की, आढळले ते असल्या कोणत्याही स्फोटाचे चिन्ह नव्हे. मूळ लेखकांनी जे म्हणण्याचे टाळले ते भाषांतराने सहज म्हणून टाकले!

ह्यांतील पुष्कळ घटनांमागे प्रचंड ताऱ्याचा अंत असतो असे पुढे सिद्ध झाले. तेव्हा शब्द बरोबरच ठरला, असे कोणी म्हणेल. परंतु हे समर्थन टिकत नाही. हे गॅमा-किरण निघतात ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या अरुंद झोतांतून. झोताचा रोख पृथ्वीकडे नसेल तर तारा फुटूनही उपग्रहाला काहीच कळत नाही. म्हणजे स्फोट आहे आणि बर्स्ट नाही, असे घडू शकते. रूढ मराठी शब्दात मात्र हे वाक्य 'स्फोट आहे आणि स्फोट नाही' असे विपरीत होऊन बसते.

मराठीत पर्यायांचा तुटवडा नाही. 'सर' हा शब्द पाहावा. पावसाची सर अवचित येते, थोडा वेळ टिकते, निघून जाते. ढग कोठला, ह्याविषयी शब्द मौन पाळतो. 'गॅमा-किरणांची सर' हे विद्यापीठीय कानाला घरगुती वाटेल, पण मूळ इंग्रजी शब्द काही फारसा भारदस्त नाही. ह्याचा अर्थ प्रत्येक देशी शब्द चालेल असा मात्र नव्हे. 28 फेब्रुवारी 1997 रोजी 'बेप्पोसॅक्स' उपग्रहाने नोंदलेल्या सरीनंतर त्याच ठिकाणी क्ष-किरणांची मंदावत जाणारी दीप्ती प्रथमच सापडली. तिला 'धग' म्हणण्याचा मोह होतो. तथापि धग ही विझलेल्या विस्तवात उरलेली असते, आणि ही दीप्ती झोत भोवतालच्या वायूवर आदळल्याने नव्याने उत्पन्न होते. येथे रुक्ष 'उत्तरदीप्ती'च अधिक प्रामाणिक आहे.

खरी अडचण 'दीर्घ' व 'लघु' ह्या विशेषणांची आहे. 1993 साली क्रिसा कूव्हेलिओटू व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉम्प्टन वेधशाळेच्या नोंदींवरून दाखविले की, ह्या घटनांचे अवधी दोन गटांत पडतात आणि सुमारे 2 सेकंदांपाशी खळगा दिसतो. हा निव्वळ मापनाचा निष्कर्ष होता. कालांतराने 'दीर्घ' म्हणजे प्रचंड ताऱ्याच्या अंतातून आलेली, 'लघु' म्हणजे दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेली, असा अर्थ रूढ झाला. वाच्यार्थ सेकंदांचा, लक्ष्यार्थ उगमाचा. आणि लक्षणा इतकी रुळली की ती लक्षणा आहे ह्याचेच विस्मरण पडले. वस्तुतः हा अवधी ठरतो तो एकूण गणतीचा मधला नव्वद टक्के भाग किती वेळात आला ह्यावरून. त्यामुळे तो उपकरणाच्या ऊर्जा-पट्ट्यावरही अवलंबून राहतो. भारताने 2015 मध्ये सोडलेल्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'चा अवधी आणि 'स्विफ्ट'चा अवधी एकाच सरीसाठी निराळा निघाला, तर त्यात चूक कोणाचीच नसते.

अतिदूरच्या सरींपाशी ही परिभाषा पार मोडते. 23 एप्रिल 2009 रोजी 'स्विफ्ट'ने नोंदलेल्या सरीची उत्तरदीप्ती दृश्य प्रकाशात दिसलीच नाही. सापडली ती अवरक्त किरणांत. भूमीवरील दुर्बिणींनी तिची ताम्रसृती सुमारे 8.2 ठरविली. म्हणजे विश्वाचे वय सुमारे 63 कोटी वर्षे असतानाचा तो प्रकाश होता. विश्वाच्या प्रसरणाने तरंगलांबी जितकी ताणली जाते तितकाच काळही ताणला जातो. येथे नोंदलेले सुमारे 10 सेकंद उगमापाशी 1.1 सेकंदच होते. मग ही सर दीर्घ की लघु? भर म्हणून, दूरच्या सरीची मंद शेपटी शोधकाच्या पार्श्वभूमीत बुडून जाते व अवधी आखडतो. एक कारण लांबविते, दुसरे तोडते.

उलट बाजूने, 11 डिसेंबर 2021 ची सुमारे 50 सेकंदांची सर आणि 7 मार्च 2023 ची तशीच लांबलेली सर, ह्या दोहोंमागे सघन ताऱ्यांचे मीलन असल्याची लक्षणे आढळली. दुसरीत जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियमची खूण दिसली. बिंग झांग ह्यांनी सुचविलेले 'प्रकार एक' व 'प्रकार दोन' हे क्रमांक ह्या गोंधळातून सुटतात खरे, पण ते सुटतात काहीच न सांगून.

14 मार्च 2025 रोजी फ्रान्स व चीन ह्यांच्या 'स्वोम' उपग्रहाने नोंदलेल्या सरीने हा वाद अधिक स्पष्ट केला. ताम्रसृती सुमारे 7.3, नोंदलेला अवधी सुमारे 10 सेकंद. उगमापाशी जेमतेम 1.2. अतिदीप्त नवतारा असेल तर त्याचे उजळणेही असेच ताणले जाणार, म्हणून जेम्स वेब दुर्बीण साडेतीन महिने थांबून 1 जुलै रोजी तिकडे वळविण्यात आली. तेव्हा मिळालेला प्रकाश आजच्या जवळच्या अतिदीप्त नवताऱ्यांशी अनपेक्षितपणे मिळताजुळता निघाला. म्हणजे लक्ष्यार्थाने ही सर 'दीर्घ' आहे, आणि उगमापाशी मोजलेल्या सेकंदांच्या हिशेबाने ती 'लघु' आहे.