सरासरीच्या आड काय लपतं? जेफ्री विल्यमसन यांच्या संशोधनाविषयी

मागास भागांना नेहमी एक गोष्ट सांगितली जाते : थोडं थांबा, विकास झिरपत तुमच्यापर्यंत येईलच. या सांगण्याला शास्त्रीय वजन मिळालं ते आर्थिक इतिहासकार जेफ्री विल्यमसन यांच्या १९६५ च्या निबंधामुळे.

सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये व्यक्तींमधल्या विषमतेबद्दल जे मांडलं होतं, ते विल्यमसन यांनी प्रदेशांना लावून पाहिलं. चोवीस देशांची आकडेवारी घेतली, अमेरिकेचा १८४० पासूनचा इतिहासही तपासला. निष्कर्ष असा, की विकासाच्या सुरुवातीला प्रदेशांमधली दरी रुंदावते आणि पुढे आकसते. आधी शिकलेली माणसं आणि भांडवल पुढारलेल्या भागाकडे धावतात. नंतर स्थलांतर, पैसा आणि सरकारी धोरण तोल सावरतात.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते मोजपट्टीत. प्रदेशांची उत्पन्नं सरासरीपासून किती विखुरलेली आहेत, एवढंच ती सांगते. वर कोण आणि खाली कोण, हे सांगत नाही. वरचा खाली घसरला, खालचा वर आला, तरी आकडा तोच राहू शकतो! शिवाय अमेरिकेच्या दक्षिणेत मळेवाला आणि त्याचा गुलाम, दोघंही एकाच सरासरीत बसतात.

गंमत बघा, यातली मोठी दुरुस्ती खुद्द विल्यमसन यांच्याच हातून झाली. पीटर लिंडर्ट यांच्याबरोबर २०१६ मध्ये लिहिलेल्या 'अनइक्वल गेन्स'मध्ये ते दाखवतात, की १७७४ मध्ये दक्षिणेचं दरडोई उत्पन्न न्यू इंग्लंडपेक्षा जास्त होतं. म्हणजे दक्षिण मुळात मागास नव्हती. ती मागे पडली, आणि यादवी युद्धानंतर तर कोसळलीच. अशा प्रदेशाला 'तुमची पाळी येईल' असं कसं सांगणार?

आपल्याकडे दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात वेगळी वाट धरली. रस्ते, सिंचन अशा एकेका बाबतीत कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे आहे, ते मोजलं आणि अनुशेष रुपयांत मांडला. जिल्ह्याच्या सरासरीतही तालुके लपतात, हे खरंच. पण तिथे निदान मागे कोण राहिलं, त्याचं नाव कळतं.

विल्यमसन यांचा निबंध जरूर वाचा, पण त्यांचं उत्तरायुष्यातलं काम वाचल्याशिवाय तो पुरा झाला असं समजू नका. रेघ कुठे वळेल यापेक्षा ती कोणी वळवली, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे.