हास्य आणि न्याय

मारामारीच्या बोलपटांत नांवारूपास आलेल्या नटाकडून अभिनयाची अपेक्षा करूं नये, असा एक समज सुशिक्षित प्रेक्षकवर्गांत रूढ आहे. आणि तो आमचाहि होता, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. सिडने ल्युमेट यांचा ‘फाइंड मी गिल्टी’ हा २००६ सालचा अमेरिकन बोलपट पाहिल्यावर मात्र तो आम्हांस सोडावा लागला.

बोलपटाचें कथानक काल्पनिक नाहीं. न्यू जर्सी प्रांतांतील लुकेझी टोळीच्या २० इसमांवर चाललेला खटला सुमारें २१ महिने रेंगाळला आणि १९८८ सालीं सर्वच आरोपी निर्दोष सुटले. त्यांपैकीं जॅकी डिनॉर्शिओ यानें वकील न देतां स्वतःचा बचाव स्वतःच केला. बोलपटांतील साक्षींचा बराच भाग न्यायालयाच्या मूळ कागदपत्रांवरूनच घेतलेला आहे.

जॅकीची भूमिका व्हिन डीझेल यानें केली आहे. धांवत्या मोटारी आणि पिळदार दंड यांवर ज्याची कीर्ति उभी, त्या नटानें येथें वजन वाढवून, डोक्यावर केंस चढवून, बेढब शरीराचा एक बडबड्या गुन्हेगार उभा केला आहे. परंतु वेषांतर म्हणजे अभिनय नव्हे. या नटाचें खरें यश त्याच्या संयमांत आहे. जॅकी न्यायालयांत थट्टा करतो, ज्यूरीस हंसवितो. पण ज्या नात्यांतल्या भावानें आपणांवर गोळ्या झाडल्या, त्याच्या उलटतपासणीच्या वेळीं त्याच विनोदामागचा दुखावलेला माणूस दिसूं लागतो. शिक्षा कमी होईल या आमिषानें माफीचा साक्षीदार होण्यास तो नकार देतो; आणि ज्यांच्यासाठीं नकार देतो, त्यांचा म्होरक्या तर त्याचा उघड तिरस्कारच करतो! ही उपेक्षा डीझेल एकाहि आक्रोशाशिवाय सोसून दाखवितो.

ल्युमेट यांच्या १९५७ सालच्या ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’मध्यें सारें नाट्य ज्यूरीच्या खोलींत घडतें, येथें ज्यूरी जवळजवळ मुकीच आहे. तिचें मत आपणांस कळतें तें तिच्या हंसण्यावरून. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकांत निरपराध चारुदत्त दोषी ठरतो, तेव्हां आपला जीव हळहळतो, येथें अपराधी सुटतात आणि आपणांस आनंद होतो. हा आनंदच या कृतीचा खरा विषय होय, असें आमचें मत आहे.

एक दोष मात्र सांगितलाच पाहिजे. या टोळीनें ज्यांचे संसार उध्वस्त केले, त्यांस बोलपटांत फारसें स्थान नाहीं. त्यामुळें सरकारी वकिलाचा संताप नुसता आकस वाटूं लागतो. पारडें असें एका बाजूस झुकविणें न्याय्य नव्हे. तथापि दिग्दर्शकानें आपणांसहि ज्यूरीच्या बांकावर नेऊन बसविलें आहे, हें विसरतां येत नाहीं. हंसतां हंसतां आपण निकाल देऊन बसतों, आणि दिलेला निकाल मागाहून आपल्यालाच टोंचूं लागतो. ही टोंचणी ज्याच्या अभिनयानें लाविली, त्या नटाविषयींचा आमचा जुना निकाल आम्ही येथें जाहीरपणें मागें घेतों.